उजवीकडची वही

हे मी सुलभाला, माझ्या बायकोला, सांगितलं नाही, म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. बाकी माझं सगळं तिला ठाऊक होतं — मला पोहता येत नाही, वडील गेले तेव्हा मला रडू आलं नव्हतं, एका परीक्षेत मी शेजारच्या मुलाचं उत्तर बघून लिहिलं होतं. एवढं एकच मी तिच्यापासून बाजूला ठेवलं. तिला जाऊन आता अकरा महिने झाले. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून लिहितो आहे. तुम्ही मला ओळखत नाही. ते बरंच आहे.

कुठून सुरुवात करू? माझ्या कामापासून करतो, कारण दोष तिथलाच आहे.

मी हस्ताक्षरं तपासत असे. सरकारी नोकरी होती. संशयित कागद एका बाजूला, ज्याच्यावर संशय आहे त्या माणसाच्या अक्षराचे नमुने दुसऱ्या बाजूला, आणि मधे मी — भिंग, दिवा आणि मोठ्या केलेल्या फोटोप्रती घेऊन. अक्षराचं वळण बघायचं, लेखणी कुठे टेकली, कुठे उचलली, शेपटी कुठे वळली, दाब कुठे वाढला ते बघायचं. सुलभा पाहुण्यांना सांगायची, "ह्यांच्या नजरेतून काही सुटत नाही हो. भाजीत मीठ कमी पडलं तर ते बघूनच ओळखतील." लोक हसायचे. मीही हसायचो. खरं म्हणजे मला ते आवडायचं.

चंडीगडला आमची बदली झाली तेव्हा पंजाबातले ते वाईट दिवस चालू होते. बसमध्ये चढलं की आधी सीटखाली बॉम्ब तर नाही ना ते वाकून बघायचं आणि मग बसायचं, ही सवय आमच्या मीनललासुद्धा लागली होती; ती सात वर्षांची होती. सेक्टर तीसच्या आमच्या क्वार्टरच्या आसपास सगळे इंजिनियर, संशोधक — शांत माणसं. पण मार्केटच्या कोपऱ्यावर वाळूच्या पोत्यांमागे पोलिस बसलेले असत, आणि मीनलची स्कूलबस दहा मिनिटं उशिरा आली की सुलभा गॅलरीतून हलत नसे.

तिथे मी गुरुमुखी शिकलो. ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या टायपिस्टकडून, दुपारच्या डब्यानंतर, रोज अर्धा तास. त्या लिपीतली पस्तीस अक्षरं — पैंती म्हणतात त्यांना — मी पाठ केली, गिरवली, आणि दोन वर्षांत मला पंजाबी कागदही तपासायला मिळू लागले. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने हे करावं याचं सगळ्यांना कौतुक वाटायचं. सर्वांत जास्त मलाच.

असा तो खटला माझ्याकडे आला.

आरोपीचं नाव दलीप सिंग. पन्नाशीच्या पुढचा माणूस, पोस्टाबाहेर बहाव्याच्या झाडाखाली पाट टाकून बसायचा आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं लिहून द्यायचा. बहाव्याला तिकडे अमलतास म्हणतात. त्याच्यावर दोन आरोप होते. पहिला धमकीचा: एका दारूच्या दुकानदाराला पत्र आलं होतं, दुकान बंद कर, नाहीतर परिणाम भोग. दुसरा आरोप खुनाच्या कटाचा. महिन्याभराने शहराच्या दुसऱ्या टोकाला तसाच एक दुकानदार गोळ्या घालून मारला गेला, आणि त्याच्या काउंटरवर एक चिठ्ठी सापडली. सात शब्द होते तिच्यात. सांगितलं होतं, सोड. तू अडून बसलास — अशा अर्थाचे.

पहिलं पत्र आपण लिहिल्याचं दलीप सिंगने पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं. दोन पोरं आली, एकाने चादरीखालून पिस्तूल दाखवलं, म्हणाला लिही, मी लिहिलं. चिठ्ठीबद्दल मात्र तो म्हणत होता — ती मी पाहिलीसुद्धा नाही.

म्हणजे काय होतं बघा. पहिल्या आरोपाला दोन-तीन वर्षांची शिक्षा, आणि त्यातलं एक वर्ष तो कच्च्या कैदेत भोगून चुकला होता. दुसऱ्या आरोपात जन्मठेप. दोन्हींच्या मधे उभी होती ती एक चिठ्ठी. आणि ती चिठ्ठी कुणाच्या हातची, हे सांगायचं होतं मला.

माझी चूक — पहिली चूक, जिला अजून पाप म्हणता येणार नाही ती — इथे झाली. पोलिसांनी ठाण्यात बसवून दलीप सिंगकडून अक्षराचे नमुने लिहून घेतले होते. पण मजकूर सांगणाऱ्या हवालदाराने आपल्या मनाने काहीतरी सांगितलं होतं, आणि त्या चार पानांत दोन अक्षरं एकदाही आली नव्हती: 'छ', आणि पैंतीतलं शेवटचं अक्षर, 'ड़'. चिठ्ठीत नेमकी तीच दोन अक्षरं ठसठशीत होती. बाकीची अक्षरं थोडी आणि साधी. त्यांच्यावरून काही ठरत नव्हतं.

अशा वेळी काय करायचं, हे शिकाऊ माणसालाही माहीत असतं. कागद परत पाठवायचे. नवे नमुने मागवायचे. त्याने लिहिलेली जुनी पत्रं मागवायची — आणि त्या शहरातल्या निम्म्या मजुरांच्या घरी त्याच्या हातची पत्रं गेली असतील! मी तसं केलं नाही. तपास अधिकारी तीनदा येऊन गेला होता. "अपना कागज़ कब निकलेगा, साब जी? ऊपर से रोज़ डंडा पड़ता है." माझ्यापुढे पहिलं पत्र होतं, त्यात दोन्ही अक्षरं होती. ते दलीप सिंगचंच, तो स्वतः म्हणतो. मग चिठ्ठी त्या पत्राशी ताडून पाहिली तर काय बिघडलं? पत्राच्या शेवटच्या ओळींत 'ड़' सुंदर स्पष्ट आला होता, शेपटी बाहेर फेकलेली. चिठ्ठीतला 'ड़' तस्साच. 'छ' तसाच. मला आनंद झाला. त्या संध्याकाळी मी अहवाल लिहिला: चिठ्ठी आणि पत्र, दोन्ही नमुने देणाऱ्या इसमाच्याच हातची. सही केली. घरी जाताना मीनलसाठी भाजलेली कणसं घेतली.

त्यानंतर सात महिन्यांनी मला साक्षीला बोलावलं. त्या तारखेला माझा नंबर लागला नाही. दिवसभर मागच्या बाकावर बसून होतो. तिथे मी ते पाहिलं.

न्यायाधीश वयस्क होते, सावकाश बोलणारे. त्यांच्यापुढे दोन वह्या उघड्या असायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. साक्षीदार पहिल्या आरोपाबद्दल बोलला की ते डावीकडच्या वहीत टिपून घ्यायचे. दुसऱ्या आरोपाबद्दल बोलला की उजवीकडच्या. डावीकडचं उजवीकडे कधी जात नव्हतं. सरकारी वकिलांना याचा वैताग यायचा. त्या दिवशी ते म्हणाले, "जनाब, जिसने एक लिखी है, दूसरी भी उसी ने लिखी होगी. सीधी बात है."

न्यायाधीशांनी मान वर केली. "होगी से काम नहीं चलेगा, वकील साहब. मैं दो इल्ज़ाम एक साथ सुन रहा हूँ. एक समझकर नहीं सुन रहा."

मला हे कळायला वेळ लागला नाही. एका माणसावरचे दोन आरोप सोयीसाठी एकत्र चालवता येतात; पण एकाचा पुरावा आपोआप दुसऱ्याचा होत नाही. त्याने धमकी लिहिली, म्हणून तो खुनातही असेल — असं म्हणायची मुभा नाही. दुसऱ्या आरोपाला त्याच्या स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे.

आणि मी? मी तर चिठ्ठी पत्राच्याच पायावर उभी केली होती.

साक्षीची पुढची तारीख पडली; तिच्या आदल्या दिवशी, ऑफिस सुटल्यावर, मी फाइल पुन्हा काढली. या वेळी न्यायाधीशांच्या पद्धतीने बसलो: पत्र बाजूला ठेवलं, चिठ्ठी आणि ठाण्यातले नमुने एवढेच समोर. कितीही बघितलं तरी चिठ्ठी त्या नमुन्यांना धड चिकटेना. मग पत्र पुन्हा घेतलं — आता पहिल्या ओळीपासून, एकेक अक्षर. पत्राच्या मधल्या भागात 'ड़' दोनदा आला होता. दोन्ही वेळा शेपटी आत वळलेली, नीटस, एखाद्या मास्तरने काढावी तशी. शेवटच्या दोन ओळींत मात्र ती बाहेर फेकलेली. दाब वेगळा. ओळ वर चढत गेलेली. पेन तेच, शाई तीच —

हात दुसरा.

शेवटच्या दोन ओळी दलीप सिंगने लिहिलेल्याच नव्हत्या. धीर न धरवून कुणीतरी त्याच्या हातातलं पेन ओढून घेतलं असावं. आणि चिठ्ठी त्या दुसऱ्या हाताची होती. मी एका अनोळखी पोराचं अक्षर त्याच पोराच्या अक्षराशी जुळवलं होतं, आणि खाली नाव दलीप सिंगचं लिहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, बरं झालं, वेळेत कळलं. वेळेतच कळलं. पुरते अठरा तास हातात होते.

दुसऱ्या दिवशी मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. आरोपीच्या बाजूने सरकारने नेमून दिलेला म्हातारा वकील होता. त्याने माझा अहवाल वाचला नसावा. त्याने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "साइंटिस्ट साब, आप तो मराठे हो. पूरनपोली पहचानते होगे. पंजाबी अक्षर कब से पहचानने लगे?"

कोर्ट हसलं. माझे कान तापले. मी म्हणालो, इजाज़त हो तो सुनाऊँ? आणि मी पैंती म्हणून दाखवली — पहिल्या अक्षरापासून 'ड़'पर्यंत, न अडखळता, त्या म्हाताऱ्या टायपिस्टने शिकवलेल्या चालीत. मागे कुणीतरी "वाह जी वाह" म्हणालं. आरोपीच्या पिंजऱ्यातल्या दलीप सिंगकडे माझी नजर गेली. तो हसत होता. ओठ हलत होते त्याचे. माझ्याबरोबर तोही म्हणत होता, मुलाचा पाठ चुकू नये म्हणून मास्तर मनात म्हणतो तसा.

मग न्यायाधीश बोलले. "एक बात बताइए. दूसरी चिट को आपने सीधे नमूने से मिलाया? या पहली चिट्ठी के सहारे?"

त्यांनी पेन उचललं होतं आणि ते उजवीकडच्या वहीवर धरलं होतं. टेकवलं नव्हतं. ते वाट बघत होते.

मी काय सांगायला हवं होतं, ते तुम्हालाही कळतं. "पहिल्या पत्राच्या आधाराने. आणि त्या पत्रात दोन हात आहेत. माझा अहवाल चुकीचा आहे." तीन वाक्यं.

मी म्हणालो, "जी, सीधे नमूने से. अलग से."

पेन खाली टेकलं. मला त्याचा आवाज ऐकू आला असं वाटतं, पण ते खरं नसेल. तिथे पंखे होते.

तेवढ्यात दलीप सिंग मोठ्याने म्हणाला, "साब जी, थल्ले दियां दो लाइनां मेरियां नहीं." खालच्या दोन ओळी माझ्या नाहीत. तो न्यायाधीशांना सांगत नव्हता. मला सांगत होता. जाणत्या माणसाने जाणत्याला सांगावं तसं — अक्षरातलं कळणारी त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

"आपकी बारी आएगी," न्यायाधीश त्याला म्हणाले. मग मला, "और कुछ कहना है आपको?"

"जी नहीं."

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी भ्यालो होतो. त्या दिवसांत साक्ष देणारी माणसं मारली जात होती. घरी बायको होती, लहान मुलगी होती. ऐकायला हे किती बरं वाटतं! कुणालाही पटलं असतं. पण खोटं बोलून मी वाचणार कुणापासून होतो? खरं बोललो असतो तर उलट एक आरोपी सुटला असता. माझ्यावर बंदूक कुणी रोखली असती? नाही — मला भीती होती ती तोंडघशी पडण्याची. नुकतीच मी पैंती म्हणून दाखवली होती. नुकतंच मागच्या बाकावरून वाह जी वाह आलं होतं. त्यानंतर लगेच, त्याच तोंडाने, मला अक्षर कळलं नाही असं म्हणायचं? तेवढं मला जमलं नाही. एका माणसाचं आयुष्य आणि माझी फजिती — तराजूत मी हे दोन ठेवले, आणि फजिती जड भरली.

निकाल मी वाचला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की धमकीच्या आरोपातला पुरावा त्यांनी खुनाच्या आरोपात वापरलेला नाही. तसा तो वापरणं बरोबर होणार नाही. ती दोन पोरं आरोपीजवळ बसलेली लोकांनी पाहिली होती, एवढंच खुनाच्या आरोपात उरत होतं, आणि तेवढ्याने शिक्षा होऊ शकत नाही. परंतु चिठ्ठीची नमुन्यांशी तज्ज्ञाने स्वतंत्रपणे तुलना केली आहे. खालच्या दोन ओळींबद्दल आरोपी जे म्हणतो त्याला कशाचाही आधार नाही. जन्मठेप.

इतक्या काळजीने त्यांनी ती भिंत उभी ठेवली होती. तिच्यातून वाट मी काढून दिली.

आता दुसरं सांगतो. हे त्याहून अवघड आहे.

वरच्या कोर्टात अपील चालू असताना, एका रविवारी सकाळी, दलीप सिंगची बायको आमच्या घरी आली. महिंदर कौर. पत्ता कुठून मिळवला कोण जाणे. मी दारातल्या पडद्यामागून तिला पाहिलं, आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसलो. सुलभाने तिला आत घेतलं, चहा टाकला. सुलभाची पंजाबी म्हणजे निम्मी हिंदी, निम्मी जळगावची; तरी दोघींचं बोलणं चाललं होतं.

"भैणजी, साब जी नूं आखो, इक वारी वेख लैण. बस इक वारी."

एकदा बघा, एवढंच ती म्हणत होती. तिने एक वही आणली होती. दलीप सिंगने आपल्या धाकट्या मुलीसाठी काढलेला कित्ता: प्रत्येक अक्षर दहादहा वेळा, आणि मागच्या पानांवर लोकांच्या पत्रांचे कच्चे खर्डे, भराभर लिहिलेले. म्हणजे नेमकं मला जे हवं होतं ते. जे मी मागवायला हवं होतं ते.

मीनल आत आली. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीच. "पापा, वो आंटी रो रही हैं. आप बाहर क्यों नहीं आते?"

मी म्हणालो, "पापांना काम आहे."

थोड्या वेळाने सुलभा आली. दार लोटून घेतलं. "अहो, त्या बाईला नुसतं भेटा तरी."

"नियमात बसत नाही."

"मी नियमाचं विचारत नाहीये. ती वही बघा म्हणते. त्यात त्याचं अक्षर आहे."

"कित्त्यातलं अक्षर मुद्दाम काढलेलं असतं. तुलनेला चालत नाही."

हे शास्त्राला धरून होतं. मी तिच्याशी बोलताना शास्त्राच्या बाहेर एक पाऊल टाकलं नाही. सुलभा माझ्याकडे बघत राहिली — जरा जास्तच वेळ, असं मला आता वाटतं. मग बाहेर गेली. महिंदर कौर निघाली तेव्हा वही तिच्या हातात नव्हती. सुलभाने ती ठेवून घेतली होती. ह्यांचं मन पालटलं तर दाखवीन, असं काहीसं तिला बोलली असावी. ती मला पुन्हा एका शब्दाने काही म्हणाली नाही. वही घरातच कुठेतरी होती. मी शोधली नाही. अपील फेटाळलं गेलं.

मग आमची नागपूरला बदली झाली.

तिथे तिसऱ्या वर्षी एक पोस्टकार्ड आलं. गुरुमुखीत. सुलभाच्या नावाने, चंडीगडच्या पत्त्यावरून फिरत आलेलं. सुलभाला ती लिपी येत नव्हती. ती कार्ड घेऊन माझ्याकडे आली, पदराला हात पुसत, उत्सुकतेने. "बघा बरं काय म्हणते."

कार्ड महिंदर कौरचं होतं; अक्षर कच्चं, तिच्या मुलीचं असावं. लिहिलं होतं: भैणजी, मुलीचे वडील तुरुंगात छातीच्या आजाराने गेले. आमच्याकडे त्यांच्या हातचं काही उरलेलं नाही. ती वही तेवढी पाठवून द्या. मुलीला तिच्या बापाचं अक्षर हवं आहे.

मी दोनदा वाचलं. सुलभा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"खुशाली कळवली आहे," मी म्हणालो.

"तो सुटला का?"

"सुटेल, म्हणते. लवकरच."

"देव पावला." ती खाली टेकली. "आणि वही? परत पाठवायची का?"

"मागितली नाही तिने."

त्या दिवशी सुलभाने शिरा केला. मी तो खाल्ला. हे लिहिताना मी तीनदा थांबलो, पण लिहितो: मी तो दुसऱ्यांदा मागून घेतला, कारण न घेतला असता तर तिने विचारलं असतं.

तिला खरंच काही कळलं नव्हतं? त्या रविवारी ती इतका वेळ माझ्याकडे का बघत राहिली होती? माझ्या नजरेतून काही सुटत नाही म्हणणारी बाई, पण तिच्या नजरेतून तरी काय सुटत होतं? त्या कार्डानंतर पाहुण्यांसमोर तिने ते वाक्य कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. की आठवणीत मीच तसं करून घेतलं आहे? आता विचारायला ती नाही.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी तिचं कपाट उघडलं. वही सगळ्यांत खालच्या लुगड्याच्या घडीत होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बरोबर ते पोस्टकार्डही होतं. कार्डावरच्या पत्त्यावर मी रजिस्टर पत्र पाठवलं. ते परत आलं. त्या ठिकाणी आता कुणी राहत नाही, असा शेरा होता. मीनलने — ती परदेशात असते — काही ठिकाणी चौकशी केली. कशासाठी, हे मी तिला सांगितलं नाही. काही हाती लागलं नाही. ती मुलगी आता चाळिशीच्या पुढे असेल. बापाचं अक्षर तिला मिळालं नाही. ते माझ्याकडे आहे.

काल मी टेबल रिकामं केलं. भिंग काढलं, पुसलं. दिवा उजवीकडून लावला. चिठ्ठी अर्थातच माझ्यापाशी नाही. पण ते सात शब्द मला पाठ आहेत, आकारासकट, शेपटीसकट. ते मी कागदावर काढून शेजारी ठेवले. मग वहीची मागची पानं, ते भराभर लिहिलेले खर्डे — कुणाच्या आईला, कुणाच्या भावाला, गावी पाऊस झाला का, म्हैस व्याली का. 'ड़' मी मोजला. एकोणसाठ वेळा आला आहे. एकोणसाठ वेळा शेपटी आत वळलेली आहे. बाहेर एकदाही नाही.

मग सवयीने अहवाल लिहिला. खटल्याचा क्रमांक माझ्या लक्षात आहे; तो वर घातला. चिठ्ठीची तुलना नमुन्यांशी थेट आणि स्वतंत्रपणे केली. दुसऱ्या कुठल्याही कागदाचा आधार घेतला नाही. ही चिठ्ठी दलीप सिंग यांनी लिहिलेली नाही.

खाली सही केली, आणि तारीख घातली. कालचीच.